अंडवृद्धी : निदान व उपचार यांचा इतिहास

वृषणे त्वचेच्या ज्या पिशवीत असतात तिला मुष्क म्हणतात. मुष्काच्या एका अथवा दोन्ही बाजूंस आलेल्या फुगवट्याला मराठीत सामान्यतः ‘अंडवृद्धी’ हे नाव आहे. हे नाव रोगाचे नसून लक्षणाचे आहे. एकाच पिशवीत पाणी साठू शकते, उदरगुहेतील आतडे उतरू शकते, रक्त गोठू शकते, वृषणाचा किंवा अधिवृषणाचा (वृषणाच्या मागील बाजूस असलेल्या नलिकासमूहाचा) शोथ होऊ शकतो, नीला फुगू शकतात, लसीका वाहिन्या तुंबू शकतात किंवा मारक अर्बुद वाढू शकते. बाहेरून ही सर्व रूपे पुष्कळदा सारखीच दिसतात. पण एका रूपात हितकारक ठरणारा उपचार दुसऱ्यात प्राणघातक ठरतो. पाणी काढण्यासाठी खुपसलेले शस्त्र आतड्यात शिरले, तर रोगी दगावतो. म्हणून या विकाराच्या उपचारांची प्रगती शस्त्रकौशल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, या रूपांचा भेद ओळखण्यावर अवलंबून राहिली. दुसरी अडचण रोग्यांकडून आली. अवयव गुह्य असल्यामुळे लज्जेपोटी विकार वर्षानुवर्षे लपविला गेला आणि उपलब्ध असलेला उपचारही वेळेवर घेतला गेला नाही.

प्राचीन भारतीय वैद्यक : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील बाराव्या अध्यायात ‘वृद्धि’ या रोगाचे सात प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त व कफ या दोषांमुळे होणारे तीन, रक्त व मेद यांमुळे होणारे दोन आणि मूत्रवृद्धी व अंत्रवृद्धी हे दोन, असे ते प्रकार होत. यांतील शेवटच्या दोन प्रकारांचे वर्णन आजच्या वैद्यालाही ओळखता येईल इतके नेमके आहे. मूत्रवृद्धी झालेला मनुष्य चालू लागला म्हणजे त्याचा मुष्क पाण्याने भरलेल्या पखालीसारखा हिंदकळतो, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक वैद्यकात ज्याला जलवृषण (हायड्रोसील) म्हणतात त्याचेच हे लक्षण होय. मूत्राचा वेग अडवून धरण्याच्या सवयीमुळे हा विकार होतो, ही संहितेतील उपपत्ती मात्र टिकलेली नाही. साठलेला द्रव मूत्र नसतो.

अंत्रवृद्धी म्हणजे आजचा अंतर्गळ (हर्निया). जड ओझे उचलणे, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे यांसारख्या कारणांनी आतडे खाली उतरते. दाबल्यास फुगवटा आवाज करीत वर जातो आणि हात सोडताच पुन्हा भरतो, असे सुश्रुतसंहिता सांगते. दाबून वर जाणे व आवाज होणे ही अंतर्गळाची खूण आजही तपासली जाते.

निदानातील हा भेद उपचारांतही पाळलेला दिसतो. चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात मूत्रवृद्धीसाठी शस्त्रकर्म सांगितले आहे. प्रथम शेक देऊन मुष्क वस्त्राने आवळावयाचा, मधल्या शिवणीच्या बाजूस खालच्या अंगी व्रीहिमुख नावाच्या टोकदार शस्त्राने वेध घ्यावयाचा, त्या छिद्रात दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी बसवून पाणी वाहू द्यावयाचे आणि मग नळी काढून बंध बांधावयाचा, असा हा विधी आहे. शिवण टाळण्याची व खालच्या अंगी वेध घेण्याची सूचना शरीररचनेच्या जाणिवेतून आलेली आहे. अंत्रवृद्धीला मात्र वेध सांगितलेला नाही. आतडे मुष्कात पूर्णपणे उतरलेले असल्यास संहितेने तो विकार असाध्य ठरविला आहे व उतरण्यापूर्वीच्या अवस्थेत जांघेवर डाग देण्यास सांगितले आहे.

या दोन्ही अध्यायांत वृद्धीबरोबरच श्लीपद, म्हणजे हत्तीरोग, हाही रोग वर्णिला आहे. जेथे जुने पाणी फार साठून राहते आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत थंड असतो, तेथे श्लीपद विशेषेकरून आढळते, असे निरीक्षण तेथे नोंदविलेले आहे. त्यामागील कारण सुश्रुतसंहितेला ठाऊक असणे शक्य नव्हते. पण साठलेले पाणी, श्लीपद आणि मुष्काची सूज यांचा परस्परसंबंध आधुनिक वैद्यकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच प्रस्थापित झाला.

ग्रीक, रोमन व अरबी परंपरा : इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथाच्या सातव्या भागात मुष्कातील निरनिराळे फुगवटे आणि त्यांवरील शस्त्रकर्मे वर्णिली आहेत. पाण्याचा, आतड्याचा व फुगलेल्या नीलांचा फुगवटा त्याने वेगळा मानला. सातव्या शतकातील ईजायनाचा पॉल आणि दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कॉर्डोव्हाचा शस्त्रवैद्य अल् जहरावी यांनी जलवृषण उघडून त्याचे आवरण कापण्याची पद्धत नोंदविली. मध्ययुगीन यूरोपात हे ज्ञान ग्रंथांत राहिले, तरी प्रत्यक्ष शस्त्रकर्म पुष्कळदा गावोगाव हिंडणाऱ्या अंतर्गळ कापणाऱ्यांच्या हाती गेले. अंतर्गळ बंद करताना ते त्या बाजूचे वृषणही काढून टाकीत. शस्त्रकर्माची भीती आणि लज्जा या दोहोंमुळे रोगी कमरपट्टा बांधून दिवस काढणे पसंत करीत.

अठराव्या शतकातील शोध : वृषणाचा विकास कळल्यावर जलवृषण व अंतर्गळ यांमधील नाते स्पष्ट झाले. गर्भावस्थेत वृषणे उदरात असतात आणि जन्मापूर्वी ती मुष्कात उतरतात. जॉन हंटर यांचे या प्रक्रियेचे वर्णन १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले. वृषण उतरताना पर्युदराचा (उदरगुहेच्या अस्तराचा) एक खोळीसारखा भाग त्याच्याबरोबर खाली येतो. पुढे त्याचा वरचा मार्ग बुजतो आणि खालचा भाग वृषणावरण म्हणून उरतो. मार्ग रुंद राहिल्यास आतडे उतरते, अरुंद राहिल्यास उदरातील द्रव झिरपतो आणि मार्ग पूर्ण बुजूनही वृषणावरणातील द्रवाची निर्मिती व शोषण यांचा तोल बिघडल्यास तेथेच पाणी साठते. लहान मुलांतील जलवृषण रात्री कमी व दिवसा जास्त का दिसते, याचा उलगडा यावरून होतो.

याच काळात लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७६२ मध्ये जलवृषणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नुसते पाणी काढल्याने ते पुन्हा भरते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून आवरणात दाह उत्पन्न करून त्याचे दोन थर एकमेकांस चिकटवावे, या उद्देशाने पॉट यांनी आवरणातून सूत ओवून ठेवण्याची पद्धत पुरस्कारली. त्यांचे जामात जेम्स अर्ल यांनी १७९१ मध्ये सुताऐवजी पाणी काढून रिकाम्या झालेल्या पिशवीत सौम्य केलेले मद्य सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तत्त्व तेच, पण यातना कमी, असा हा बदल होता.

लपविलेला विकार : उपचार असूनही तो वेळेवर न घेतल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण याच शतकातील आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारे एडवर्ड गिबन यांना तरुणपणीच मुष्काची सूज आली होती. १७६१ च्या सुमारास त्यांनी शस्त्रवैद्याचा सल्ला घेतला. त्यानंतर सु. तीस वर्षे त्यांनी या विषयाचा उच्चार मित्रांपाशीही केला नाही. सूज इतकी वाढली, की ती तंग कपड्यांतून सर्वांना दिसत असे. त्यांच्यादेखत मात्र कोणी काही बोलत नसे. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्यांनी आपले स्नेही लॉर्ड शेफील्ड यांना पत्राने हकीकत कळविली. त्या महिन्यात दोनदा व जानेवारी १७९४ मध्ये एकदा पाणी काढण्यात आले. पहिल्या खेपेस सु. साडेचार लिटर द्रव निघाला. जलवृषणाबरोबर अंतर्गळही होता. तिसऱ्या वेधानंतर तीन दिवसांनी, १६ जानेवारी १७९४ रोजी, त्यांचा मृत्यू झाला. जंतुसंसर्गामुळे तो ओढवला असावा, असे मानतात. निर्जंतुक शस्त्रकर्माच्या आधीचा तो काळ होता. तथापि सूज लहान असताना उपचार झाला असता, तर त्यातील धोका बराच कमी असता.

भारतातील एकोणिसावे शतक : बंगालच्या दमट प्रदेशात जलवृषण व हत्तीरोगाने झालेली मुष्कवृद्धी हे विकार इतके आढळत, की कंपनी सरकारच्या सेवेतील शस्त्रवैद्यांना त्यांचा विपुल अनुभव मिळाला. कलकत्त्याच्या नेटिव्ह हॉस्पिटलमध्ये जेम्स रॅनल्ड मार्टिन यांनी १८३० नंतरच्या दशकात मद्याऐवजी आयोडिनाचा विद्राव वापरण्यास सुरुवात केली. हा उपचार यशस्वी ठरून यूरोपातही रूढ झाला.

वेदनाहरणाच्या इतिहासातही या विकाराला स्थान आहे. हुगळी येथे ४ एप्रिल १८४५ रोजी जेम्स एस्डेल या शस्त्रवैद्याने दोन्ही बाजूंस जलवृषण असलेल्या एका बंदिवानावर उपचार केला. पाणी काढून दाहक द्रव सोडताच रोगी वेदनेने तळमळू लागला. तेव्हा एस्डेल यांनी त्याच्यावर मेस्मेरिझमचा, म्हणजे पुढे संमोहन म्हणून विकसित झालेल्या पद्धतीचा, प्रयोग केला आणि त्याच्या वेदना शमल्याचे नोंदविले. पुढे याच पद्धतीने त्यांनी हत्तीरोगामुळे प्रचंड वाढलेले अनेक मुष्क कापून काढले. सरकारने १८४६ मध्ये चौकशी समिती नेमली व कलकत्त्यात प्रायोगिक रुग्णालयही काढले. परंतु त्याच वर्षी ईथरचा आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा शस्त्रकर्मात वापर सुरू झाल्याने ही पद्धत मागे पडली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी प्रसिद्ध केलेल्या पूतिरोधक पद्धतीमुळे जखमेतील जंतुसंसर्गाला आळा बसला. त्यानंतर वृषणावरण उघडून ते कापून काढणे किंवा उलटवून शिवणे ही शस्त्रकर्मे सुरक्षित झाली. १८९८ मध्ये विंकेलमान यांनी आणि त्यानंतर लवकरच फ्रान्समध्ये झाबूले यांनी वर्णिलेली आवरण उलटविण्याची पद्धत, तसेच १९६४ मध्ये पीटर लॉर्ड यांनी सुचविलेली आवरणाला चुण्या घालण्याची पद्धत, या आजही प्रचारात आहेत. अंतर्गळाच्या बाबतीत एदोआर्दो बास्सिनी यांच्या १८८७ मधील शस्त्रकर्माने हेच कार्य केले. सुश्रुतसंहितेने असाध्य ठरविलेला विकार त्यानंतर साध्य झाला.

कृमीचा शोध : पाणी का साठते, या प्रश्नाचे उष्ण प्रदेशांपुरते उत्तर चार खंडांतील संशोधकांच्या कामातून मिळाले. पॅरिसमध्ये देमार्के यांना १८६३ मध्ये क्यूबातून आलेल्या एका रोग्याच्या जलवृषणातील द्रवात सूक्ष्म कृमी दिसले. १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये ओटो वुखरर यांना तसेच कृमी दुधासारख्या मूत्रात आढळले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी ल्यूइस यांनी ते मानवी रक्तात दाखवून दिले. ऑस्ट्रेलियातील ब्रिझ्बेन येथे जोसेफ बँक्रॉफ्ट यांना १८७६ मध्ये प्रौढ कृमी सापडला. वुखरर व बँक्रॉफ्ट या दोघांच्या नावांवरून या कृमीला वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हे शास्त्रीय नाव मिळाले आहे.

चीनमधील अमॉय बंदरात काम करणारे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये रोग्याचे रक्त प्यालेल्या डासांच्या शरीरात या कृमींच्या डिंभांची वाढ होते, हे दाखविले. कीटकाच्या शरीरात मानवी रोगाच्या परजीवीची वाढ होते, असा हा पहिलाच पुरावा होता. हे डिंभ रोग्याच्या रक्तात मुख्यतः रात्री आढळतात, हेही मॅन्सन यांनी सिद्ध केले. मात्र डास पाण्यात मरतो व ते पाणी प्याल्याने रोग होतो, असा त्यांचा समज होता. १९०० मध्ये जॉर्ज कार्मायकेल लो यांनी डिंभ डासाच्या सोंडेत दाखविले व दंशानेच रोग पसरतो, हे स्पष्ट झाले. गटारे, डबकी व शौचकूप यांतील घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा भारतातील याचा मुख्य वाहक होय. प्रौढ कृमी दोऱ्यासारखे असून मादीची लांबी सु. ८ ते १० सेंमी. असते. ते लसीका वाहिन्यांत अनेक वर्षे जगतात. पुरुषांमध्ये मुष्कातील लसीका वाहिन्या हे त्यांचे आवडते स्थान आहे. वाहिन्या रुंदावून निकामी झाल्या म्हणजे द्रवाचा निचरा होत नाही व जलवृषण होते. ब्राझीलमधील रेसीफे येथील संशोधकांनी १९९४ मध्ये श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने मुष्कातील जिवंत कृमींची वळवळ पडद्यावर दाखविली.

औषधे व नियंत्रण : आंध्र प्रदेशात जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळांत डायएथिल कार्बामाझीन (डीईसी) या औषधाचे संशोधन झाले व १९४७ मध्ये ते जाहीर झाले. ओरिसातील प्राथमिक प्रयोगानंतर भारतात १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात या रोगाचा प्रादुर्भाव विशेषतः विदर्भात, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली व भंडारा या जिल्ह्यांत आढळला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाच्या निर्मूलनाचा ठराव केला आणि २००० मध्ये जागतिक कार्यक्रम सुरू झाला. बाधित भागातील सर्व पात्र लोकांना वर्षातून एकदा औषध देणे, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. डीईसी व अल्बेंडाझोल यांना आयव्हरमेक्टिनाची जोड देणारी तीन औषधांची पद्धत भारतात २०१८-१९ मध्ये बिहारमधील अरवल, महाराष्ट्रातील नागपूर इ. जिल्ह्यांत प्रथम अमलात आली. २००७ मध्ये चीनने व २०१६ मध्ये श्रीलंकेने निर्मूलन साधले. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरविले आहे.

या औषधांनी रक्तातील डिंभ नष्ट होऊन प्रसार थांबतो. पण पूर्वी झालेले मोठे जलवृषण त्यांनी उतरत नाही. त्याला शस्त्रकर्मच करावे लागते. हत्तीरोगग्रस्त प्रदेशात वृषणावरण पूर्णपणे काढून टाकणे अधिक श्रेयस्कर मानतात, कारण रोगट आवरण मागे राहिल्यास पाणी पुन्हा साठण्याचा संभव असतो.

आधुनिक निदान व उपचार : अंधाऱ्या खोलीत फुगवट्यामागे दिवा धरल्यास स्वच्छ द्रव असलेले जलवृषण प्रकाशते, आतडे किंवा घन अर्बुद सहसा प्रकाशत नाही. ही जुनी परीक्षा आजही केली जाते. तथापि तान्ह्या मुलांत आतड्यातूनही प्रकाश जाऊ शकतो. आता श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने निश्चित निदान होते. सुजेच्या प्रकाराप्रमाणे उपचाराची निकड बदलते. तरुणात अचानक आलेली तीव्र वेदना व सूज हे वृषणाला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. १८४० मध्ये देलासिओव्ह यांनी वर्णिलेल्या या विकारात सु. सहा तासांच्या आत शस्त्रकर्माने पीळ सोडविल्यास वृषण बहुधा वाचते. दुखणारा, वर न जाणारा अंतर्गळ हाही तातडीचा विकार आहे. ताप व मूत्रदाह यांसह आलेली सूज बहुधा अधिवृषणाच्या जंतुसंसर्गाची असून तिला प्रतिजैव औषधे देतात. गालगुंडानंतरही वृषणशोथ होतो. क्षयरोगाने अधिवृषण कठीण होते. वृषणातील न दुखणारी घट्ट गाठ कर्करोगाची मानूनच तपासावी लागते. १९७० नंतरच्या दशकात सिसप्लॅटिन हे औषध आल्यापासून हा कर्करोग बहुतेक रोग्यांत बरा होतो. तान्ह्या मुलांतील जलवृषण बहुधा पहिल्या एकदोन वर्षांत आपोआप नाहीसे होते, म्हणून वाट पाहतात. अंतर्गळ असल्यास मात्र विलंब करीत नाहीत.

सामाजिक बाजू : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हत्तीरोगामुळे जलवृषण झालेल्या पुरुषांची संख्या जगात सु. अडीच कोटी आहे. यांतील बहुसंख्य श्रमजीवी आहेत. मोठ्या जलवृषणामुळे शेतात वाकणे, सायकल चालविणे, ओझे वाहणे अवघड होते. वैवाहिक जीवन विसकळीत होते व थट्टेच्या भीतीने रोगी चारचौघांत मिसळणे टाळतो. अविवाहित तरुण तर विवाह मोडेल या भयाने कोणालाच सांगत नाही. शस्त्रकर्म लहान असून बहुधा स्थानिक किंवा कमरेखालच्या बधिरीकरणाने होते. परंतु मजुरी बुडण्याची चिंता, शस्त्रकर्माने पुरुषत्व जाते हा गैरसमज आणि लज्जा यांमुळे ते लांबणीवर पडते. वस्तुतः या शस्त्रकर्मात वृषण शाबूत राहते. जुना अंतर्गळ अडकणे, पीळ पडलेले वृषण मृत होणे किंवा कर्करोग पसरणे या गोष्टी विलंबाने घडतात. त्यामुळे वेदना असो वा नसो, मुष्काच्या कोणत्याही नव्या सुजेची वैद्याकडून लवकर तपासणी करून घेणे, हाच या दीर्घ इतिहासातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष होय.